आमच्या घरी पटकथा ऐकतात

आमच्या घरात पटकथा कुणी वाचत नाही, ऐकतात. आजोबा कॅमेरामन, काका संकलक, बाबा दिग्दर्शक. कागद चाळत बसणं म्हणजे कारकुनी, असा सगळ्यांचा थाट. बाबा चटईवर डोळे मिटून पडायचे आणि मी समोर बसून एकटीने सगळी पात्रं करायची. सासू, फौजदार, मरायला टेकलेला म्हातारा. बाबांनी मध्येच चहा मागितला तर पटकथा पडली, उठून बसले तर पास. माझ्या सहाच्या सहा पटकथांना ते उठून बसले होते. निर्मात्यांच्या ऑफिसातही माझं ऐकताना माणसं रुमाल काढायची. मग सिनेमा लागायचा आणि आठवड्यात उतरायचा. "नटांनी माती केली," बाबा म्हणायचे. मलाही ते पटायचं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

पुढे कामंच आटली. बाबा आणि मी मुंबई सोडून रत्नागिरीला, मांडवीत येऊन राहिलो. शेजारणी अजून विचारतात, "तुमचा नवीन पिक्चर कधी हो?" बिचाऱ्या मनापासून विचारतात, म्हणून जास्तच चिडचिड होते.

गेल्या वर्षी बाबांचे कान पूर्ण गेले. यंत्राचाही उपयोग नाही. त्याच सुमारास माझी सातवी पटकथा पुरी झाली. चार वर्षं घासली होती तिच्यावर. ही पडली तर लिहिणं बंद, असं ठरवून टाकलं होतं. पण ऐकवणार कशी? शेवटी छापून त्यांच्या हातात दिली. माझं लिहिलेलं ते जन्मात पहिल्यांदाच वाचत होते.

दोन दिवस पडवीत बसून वाचलं. मी दाराआडून बघत राहायचे. त्या नादात बांगड्याचं कालवण करपलं. बाबा कुठे हसले नाहीत, कुठे थांबले नाहीत. शेवटचं पान उलटून त्यांनी गठ्ठा नीट जुळवला.

"बाय गो, यात माणसं दिसतच नाहीत. नुसती बोलतायत."

मी वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मग आधीच्या सहा आवडल्या कशा?'

वाचून त्यांनी वही मिटली.

"त्या तू करून दाखवल्या होत्यास," ते म्हणाले. "नटी व्हायला हवं होतंस गो तू."

विसाव्या वर्षी मी तेच मागितलं होतं. घरातली मुलगी पडद्यावर नको, त्यापेक्षा लिही, असं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. आता मी छप्पन्न वर्षांची आहे.