राजवाड्यातली संत्री

हा किस्सा तुम्ही सलीमभाईच्या तोंडून ऐकला असेल, तर तो आधी डोक्यातून काढून टाका. तो माणूस दर वेळी त्यात काहीतरी भर घालतो. मागच्या आठवड्यात तर म्हणे मी राजाच्या पलंगावर चढलो होतो. त्या मजल्यावर पलंगच नव्हता. चहा घ्या, खरं काय झालं ते मी सांगतो. फजिती माझी, तर ती सांगायचा हक्कही माझाच ना?

मी वरूडचा. चाळीस वर्षं संत्र्याची बाग करतोय. तालुक्यात कोणाच्या झाडाचं पान जरी वाकडं झालं, तरी आधी फोन मला येतो, मग कृषी सहायकाला. सलीमभाई संत्र्याचा व्यापारी. माझा माल तीस वर्षांपासून त्याच्याकडे जातो, आणि तीस वर्षांत एकाही फळाबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. तरी फिरायला आम्ही बरोबरच जातो. भांडायला ओळखीचं माणूस लागतं.

मागल्या डिसेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड उरकली आणि आम्ही रशियाला निघालो. मी, आमची शोभा, सलीमभाई आणि बाकी अमरावती-अकोल्याकडची वीसेक माणसं. आमच्या बागायतदारांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर निरोपाच्या हार-फुलांची इतकी चित्रं आली की मला वाटलं, हे लोक मला परत येऊ देणार आहेत की नाही.

चौथ्या दिवशी पीटर्सबर्गजवळचा एक राजवाडा पाहायला नेलं. बाहेर बर्फ. माझं नाक सर्दीनं बंद. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. दारात प्रत्येकाच्या बुटावर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि कानात एकेक यंत्र अडकवलं. गाईड लांब उभी राहून बोलणार, आपण कानात ऐकायचं. माझ्या यंत्रात अर्धा वेळ नुसती खरखर.

गाईड होती तान्या नावाची गोरीपान पोरगी. ती हिंदी शिकलेली. पण कसली हिंदी सांगू? आपण सिनेमात ऐकतो ती नव्हे. ‘श्रीमान’, ‘कृपया’, ‘तत्पश्चात’. सलीमभाई पहिल्याच दिवशी म्हणाला, “भाऊ, या पोरीपेक्षा मले रशियन लवकर समजंल.”

तर आम्ही एका मोठ्या जेवणघरात आलो. लांबच लांब टेबल, सोन्याचा मुलामा, डोक्यावर झुंबरं. आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना लाकडी कुंड्यांमध्ये काय असावं? संत्र्याची झाडं. फळांनी लगडलेली.

मी जागीच थांबलो. रशियात, बाहेर बर्फ पडत असताना, वरूडचं झाड! ऊर भरून आला माझा. तान्या सांगत होती की, जुन्या काळी राजे काचेच्या घरात संत्री वाढवायचे आणि मेजवानीला कुंड्यांसकट झाडं आत आणायचे. तेवढं नीट ऐकू आलं. मग खरखर, आणि खरखरीतून शब्द आला, “ये वृक्ष… कृमि… हैं।”

कृमी? मी दोरीपर्यंत पुढे झालो. चष्मा पुसला. पाहतो तर पानं काळी पडलेली. अगदी वरचा थर काळा.

मी हात वर करून विचारलं, “बाई, कृमी कहां है? जड को है का पान को है?”

ती हसून म्हणाली, “जी श्रीमान, जड़ से पत्ते तक, सब…” खरखर, “…कृमि।”

“और फल?”

“फल भी।”

आता तुम्ही सांगा. चाळीस वर्षं संत्र्यात घालवलेल्या माणसानं हे ऐकून पुढे चालू पडायचं का? झुंबर बघायचं? आमच्याकडे मुळाला सूत्रकृमी लागला की उभी बाग वाळते. आणि ही पोरगी ते हसत सांगते.

“कब से है?” मी विचारलं.

“बहुत वर्षों से ऐसे ही हैं, श्रीमान।”

“अन् कोनी औषध नाही मारलं?”

तिला ते कळलं नाही. सलीमभाईला मात्र चेव आला. त्यानं मोबाईल काढला आणि माझ्यावर धरला. “बोला भाऊ. ग्रुपवर टाकतो. रशियाले दाखवा वरूड काय चीज हाय.”

मी बोललो. खोटं कशाला सांगू, चांगलं बोललो. पानावरची कोळशी, म्हणजे ती काळी बुरशी, कशी ओळखायची, ती काळ्या माशीमुळे कशी येते, मुळाशी पाणी साचलं की काय होतं, खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप वर्षातून किती वेळा द्यायचा. आपली माणसं तर ऐकत होतीच, दोन-तीन परदेशी पाहुणेही थांबून ऐकायला लागले. शेवटी म्हटलं, “एवढा मोठा राजवाडा सांभाळता, अन् एक झाड सांभाळता येत नाई? संत्र्यातलं काही इचाराचं असंल तर वरूडले या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तान्यानंही वाजवल्या, बिचारीला वाटलं मी राजवाड्याची तारीफ केली.

पाच मिनिटांत ग्रुपवर उत्तरं सुरू. “भाऊ, रशियात बी आपलाच डंका.” “त्याईले बोर्डोचा लेप सांगा.” एकानं तर माझ्या फोटोभोवती नारिंगी गोल काढून टाकला. सलीमभाई एकेक वाचून दाखवत होता आणि मी आणखी एकेक इंच वर चढत होतो.

तिथंच थांबायला हवं होतं. शोभानं दंडाला धरून सांगितलंही, “अवो, चाला ना. सगळे पुढे गेले.” पण ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, ‘भाऊ, साल खरवडून पाह्यली का?’ बरोबरच होतं त्याचं. साल नखानं खरवडायची, आत हिरवं दिसलं तर झाडात जीव आहे. त्याशिवाय निदान पुरं होत नाही.

मी दोरीवरून पाय टाकला.

कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती, दालनाची राखणदार. ती ताडकन उठली. “नेल्ज्या! नेल्ज्या!” म्हणजे ‘मनाई आहे’, हे मला मागाहून कळलं.

शोभा म्हणाली, “थे बाई नेजा नेजा म्हनून राह्यली.”

“काय नेऊ? मी फक्त पाहून राह्यलो,” म्हणत मी खोडावर नख ओढलं.

आत हिरवं नव्हतं. आत तार होती.

मी कुंडीतल्या मातीत बोट घातलं. बोट थर्माकोलात गेलं. पानावरची कोळशी अंगठ्यानं पुसली, खालून हिरवंगार कापड निघालं. ती धूळ होती हो. नुसती धूळ.

तान्या धावत आली. मला हाताला धरून दोरीबाहेर काढलं, माझ्या कानातलं यंत्र ओढून काढलं आणि तोंडासमोर येऊन एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “श्रीमान, मैंने पाँच बार कहा। कृ-त्रि-म। कृत्रिम वृक्ष हैं।”

सलीमभाईनं विचारलं, “कृत्रिम म्हंजे?”

“नकली,” मी म्हटलं.

“तं पयलेच नकली म्हनाव ना बाई,” सलीमभाई तिच्यावरच चिडला.

ती राखणदार बाई माझ्याकडे बघून बराच वेळ बोलली. एक शब्द कळला नाही, पण सगळं समजलं. माझ्या आईची आठवण झाली. तरी मी मान खाली घातली नाही. का घालायची? मी म्हटलं, “झाड नकली असंल, पन मी सांगतलं त्यात काय चुकलं? खरं असतं तं हाच रोग असता.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“सलीमभाई, थो व्हिडिओ काढून टाक.”

“आता काय काढू? सगळ्याईनं पाह्यला.” मग माझी दया आल्यासारखं करून त्यानं एक ओळ टाकली, ‘झाड कापडाचं निघालं.’ यालाच मी मदत करणारा मित्र म्हणतो. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची चित्रं सुरू झाली ती थांबेचनात. ज्या पोरांना मी कलम बांधायला शिकवलं, तीही हसत होती.

पुढची चार दालनं मी काय पाहिली, मला विचारू नका. चित्रं होती, घड्याळं होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की, आज संध्याकाळपर्यंत काहीतरी करून दाखवलं पाहिजे. वरूडला असं परत जाता येत नाही.

शेवटी एका काचेच्या मोठ्या खोलीत आलो. हिवाळी बाग म्हणतात त्याला. आत छान ऊब, आणि मधोमध पांढऱ्या दगडी कुंडीत एक संत्र्याचं झाड.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीसच्या वीस माणसं. तान्या मागे दारात उभी राहून डोकी मोजत होती.

सलीमभाई म्हणाला, “हे असली हाय.”

चष्म्यावर पुन्हा वाफ धरली होती, तो काढून मी झाड नीट पाहिलं. एका पानावर डाग नाही. सगळी फळं एका मापाची. आणि मुख्य म्हणजे एकाच फांदीवर पिकलेलं फळही आणि फुलंही. आता मला सांगा, आपण झाडाला पाण्याचा ताण देतो, मग फूल येतं, मग कुठं महिन्यांनी फळ पिकतं. एकाच फांदीवर दोन्ही? बनवणाऱ्याला बागेचं काही कळत नव्हतं, एवढंच त्यातून दिसत होतं.

“नकली,” मी जाहीर केलं.

“भाऊ, मी फळ ओयखतो. जनम गेला माह्या याच्यात.”

“माहा का गोट्या खेळण्यात गेला? अबे, फूल अन् पिकेल फळ एका जागी पाह्यलं का कधी?”

शोभा म्हणाली, “अवो, पन फुलाचा वास येऊन राह्यला.”

मला येत नव्हता, नाक बंद. म्हटलं, “अत्तर मारलं असंल. राजाची लोकं हायत, त्याईले काय कमी?”

“हात नका लावू,” शोभा म्हणाली.

“एकडाव फसलो. दुसऱ्यानं नाई फसत.” आणि सलीमभाईला म्हटलं, “काढ मोबाईल. टाक ग्रुपवर.”

त्यानं काढला. मी फळाला हात घातला, जरा पीळ दिला, आणि फळ हातात आलं. असं सहज आलं की माझ्या बोटांना तेव्हाच कळलं. चाळीस वर्षांची बोटं आहेत. पण तोंड सुरूच होतं, “पाहा, हे प्लास्टिक,” आणि मी अंगठ्याचं नख सालीत रुतवलं.

सालीचा फवारा थेट दोन्ही डोळ्यांत.

सलीमभाई शांतपणे म्हणाला, “असली हाय.”

पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. शिट्टी वाजली. बुटांचे आवाज आले. तान्या “हे भगवान” म्हणाली, तेही शुद्ध. कोणीतरी मला खांद्याला धरून एका खोलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. सलीमभाई सगळ्यांना सांगतो की, मी तिथं रडलो. साफ खोटं आहे. संत्र्याच्या सालीनं पाणी येतं डोळ्यांत, कोणाच्याही येतं. तो संत्र्याचा व्यापारी असून हे त्याला ठाऊक नाही, असं म्हणायचं का?

डोळे उघडले तेव्हा समोर टेबल होतं. टेबलामागे एक उंच अधिकारी बाई. टेबलावर ते संत्रं, एका पारदर्शक पिशवीत ठेवलेलं. बाजूला तान्या, पांढरी फटक. दारात शोभा आणि सलीमभाई.

तान्या हळूच म्हणाली, “एक प्रपत्र भरना है, श्रीमान। मैं क्षमा-याचना लिख दूँ?”

मी म्हटलं, “क्षमा कायची? लिहो, फल तोडने के लायक हुआ था। और लिहो, देठासकट तोडा है, फांदी को खरोच नहीं आया। ऐसा तोडने को इनके माली को भी नहीं आयेगा।”

दारातून शोभा म्हणाली, “अवो, माफी मांगा अन् चाला.”

“नाई मांगत.”

तान्यानं बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं कोण जाणे. पण अधिकारी बाईनं ते वाचलं, माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा जरा निवळला. मला आजही शंका आहे की, त्या पोरीनं माझ्या नावावर चांगली पानभर माफी मागितली. माझी सही त्याखाली आहे, पण भाषा माझी नाही. त्यामुळे मी माफी मागितली असं कोणाला म्हणता येणार नाही.

मग बाकीचे रकाने आले. नाव सांगितलं. देश सांगितला. येण्याचं कारण, पर्यटन. मी ताठ बसून एकेक उत्तर देत होतो. सलीमभाईचा मोबाईल अजून चालू होता, ते मला दिसत होतं.

तान्यानं पेन थांबवलं. “आपका व्यवसाय, श्रीमान? आप क्या उगाते हैं?”

अधिकारी बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतल्या संत्र्याकडे. मग परत माझ्याकडे.

मी घसा साफ केला.

“कापूस,” मी म्हणालो.