डांबर लावलेली नाव
गल्लीत रस्त्याचं काम निघालं, डांबराचा वास घरात शिरला आणि वर्धा नदीकाठचं माझं माहेर आठवलं. नावाड्यांची दहा-बारा घरं, पैलतीरी चांदा जिल्हा. सासरी गेलेली लेक माहेरी आली की पलीकडून हाक मारायची आणि तिचा बाप स्वतः नाव घेऊन तिला आणायला जायचा, अशी आमच्याकडची रीत. माझं लग्न झालं त्याच वर्षी कोसभर वर पूल झाला. पहिल्या दिवाळीला मी मोठ्या ऐटीत मोटारीनं पुलावरून आले, पिशवी घरात टाकली आणि घाटावर गेले. बाबा सकाळपासून तिथंच उभे होते, पैलतीराकडं डोळे लावून, हातात सोडलेला दोर. नावेला नवं डांबर लावलं होतं, त्याचा वास घाटभर पसरला होता. मी मागून हाक मारली तसे ते दचकले. "आली का वो माय? मी त् तिकडंच पाहून राह्यलो होतो," म्हणाले आणि दोर पुन्हा खुंट्याला बांधू लागले. मला हसू आलं. होळीला त्यांनी ती नाव फोडून सरपणात टाकली, हे पत्रातून कळलं. पूल काय, दुसऱ्या दिवशीही तिथंच असता. अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या बापाला पलीकडून एक हाक मारायला मला काय धाड भरली होती?