कृष्णविवर की कोल्ड स्टोरेज

जीशान आता सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझर झालाय, तोलूनमापून बोलतो. पण कंपनीच्या बसमधलं मागचं बाकडं दिसलं की गडी अजून हळवा होतो. एके काळी नगरहून निघाल्यापासून सुपा येईस्तोवर तो आणि शेवगावचा अजिनाथ तिथं बसून भांडायचे. कशावरून म्हणाल, तर मोबाईलवरच्या अंतराळाच्या गेमवरून!

त्या गेममध्ये एका ओसाड अवकाशतळावर एक कॅप्टनबाई भेटायची. तिचं यान हरवून शंभर वर्षं झालेली, आणि बाई तिशीतली, ठणठणीत. कशी काय, ते गेमवाल्यांनी सांगितलं नव्हतं. झालं, या दोघांना तेवढं पुरे होतं.

जीशानचं म्हणणं, तळाशेजारी कृष्णविवर असणार. त्याच्याजवळ वेळ हळू चालतो, त्यामुळं बाईचे जेमतेम काही महिने गेले.

"काय बी," अजिनाथ म्हणायचा. "तिला गारठवून ठेवली हुती. कोल्ड स्टोरेजात द्राक्षं राहत्यात तशी."

"द्राक्षं शंभर वर्षं राहतात व्हय रे?"

"आन् तुझ्या विवराच्या ओढीनं ताणून बाईच्या शेवया कशा न्हाई झाल्या?"

"विवर लई मोठं असलं की लांबून न्हाई होत."

अख्खी बस वैतागायची. ड्रायव्हर रामहरी तर म्हणायचा, "त्या बाईला एकदाची घरी पोचवा रे."

मग वडील आजारी पडले म्हणून अजिनाथ शेवगावला खताचं दुकान सांभाळायला गेला. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलणं आटलं. ईदला त्याचा मेसेज, दिवाळीला ह्याचा. जीशानला हे फार लागायचं. बाकड्यावर त्याच्या शेजारी आता हेडफोन घातलेली पोरं बसतात.

गेल्या महिन्यात गेमचा दुसरा भाग आला. जीशाननं सुट्टीच्या दिवशी तो खेळला. शेवटी कॅप्टनबाईनं हातमोजा काढला, तर मनगटावरच्या घड्याळात थोडेच महिने सरलेले. नुसती गारठवली असती तर घड्याळानं शंभर वर्षं मोजली असती; म्हणजे कृष्णविवरच! जीशान उठून खोलीभर नाचला आणि लगेच अजिनाथला फोन लावला.

रिंग वाजता वाजता मात्र त्याच्या मनात आलं: आपण जिंकलो हे एकदा सांगितलं, की पुढं काय बोलायचं?

"आज्या, नवा भाग खेळलास का?"

"न्हाई गड्या. दुकानातनं सवड कुठाय? काय निघालं बाईचं?"

"त्यांनी सांगितलंच न्हाई," जीशान बेधडक खोटं बोलला.

"मंग माझंच खरं."

आणि दोघं असे जुंपले की जीशानच्या पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली. द्राक्षं झाली, शेवया झाल्या, रामहरीची आठवण निघाली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवता ठेवता अजिनाथ म्हणाला, "आन् त्या घड्याळावर लई भरवसा ठेवू नको. गारठ्यात सेल बी मंद पडतो."

जीशाननं घड्याळाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पहिल्या भागात तर बाईचा हातमोजा कधी निघालाच नव्हता.

जीशान गार चहा बाजूला सारून म्हणाला, "सेल मंद झाला तर घड्याळ बंद पडंल, आज्या. शंभर वर्षं रेंगाळत कसं चालंल?"

"रविवारी शेवगावला ये," अजिनाथ म्हणाला. "समोर बसवून सांगतो."