बाईसाहेबांचा डावा पाय

घोडीला 'बाईसाहेब' हे नाव आमच्या मामांनीच पाडलं, कारण चाऱ्याला जरा उशीर झाला की ती लाथा घालून दार वाजवायची. मामा तिचे मोतद्दार. खरारा, चारापाणी, पायाच्या पट्ट्या, सगळं त्यांच्याकडे. मामी म्हणायची, "माझ्या गुडघ्याला बामाची बाटली, अन् तिच्या गुडघ्याला हे स्वतः!" खोटं नव्हतं ते.

त्या मोसमात बाईसाहेबांनी पहिल्या दर्जाच्या पाच शर्यती जिंकल्या. पाचवीनंतरच्या सकाळी मामांनी नेहमीसारखा पालथा हात तिच्या पायांवरून फिरवला. डाव्या पुढच्या पायाची शीर किंचित गरम लागली. तबेल्याचा नियम साधा होता: पाय गरम लागला तर आधी ट्रेनरला सांगायचं, मग पाणी मारायचं. मामांनी उलटं केलं. तासभर पाण्याची धार धरली, पाय गार पडला आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सहावी शर्यत मोसमातली सगळ्यांत मोठी होती आणि ती त्यांना हवी होती. माणूस हावरट असतो, माझे मामासुद्धा.

तीन आठवडे पाय गार राहिला. शर्यतीच्या सकाळी पट्टी सोडली, थोडा वेळ जाऊ दिला, हात लावला, तर पुन्हा तीच ऊब.

"पाणी मारलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता," ते मला पुढे म्हणाले. त्यांनी नळ सोडलाही होता. पण भरधाव घोडीची शीर तुटली की काय होतं, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. घोडी पडते, जॉकी पडतो, आणि मग भोवती पडदा धरून घोडीला गोळी घालतात. त्यांनी नळ बंद केला आणि ट्रेनरला बोलावलं.

ट्रेनरने पाय चाचपला. घोडीला चालवलं, थोडं पळवलं. लंगडत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "माझ्या हाताला तर काही लागत नाही." मालक सारखे घड्याळ बघत होते.

ट्रेनर मामांकडे वळला. "मामा, आज पहिल्यांदाच लागतंय का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर ती धावली असती आणि मामांची नोकरीही शाबूत राहिली असती.

"नाही," मामा म्हणाले. "मागच्या शर्यतीनंतरही लागलं होतं. मी पाणी मारलं अन् गप्प बसलो."

कुणी ओरडलं नाही, हेच जास्त लागलं त्यांना. ट्रेनरने घोडीचं नाव मागे घेतलं. मग मामांकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून तिच्याकडे दुसरा माणूस राहील. तुम्ही येऊ नका."

शर्यतीच्या दिवशी मामा दुपारी घरी? मामीने दारातच विचारलं, "हरली का हो?"

"धावलीच नाही. पाय वाचला तिचा." एवढं बोलून ते उंबऱ्यातच बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"अहो, वाचली ना ती? मग?"

"आता तिच्या पायाला माझा हात लागायचा नाही गं."