बँकेत बांधलेली शेळी

बनुबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वरून. म्हणजे अगदी डोक्यावरून. रहिमतपुरात बँकेची शाखा खाली आणि आम्ही नवराबायको वर माडीवर. माडीच्या फळ्यांत एक फट होती आणि ती बरोबर ह्यांच्या टेबलावर यायची. हे म्हणजे आमचे गंगाधरपंत, शाखेचे एजंट, आजच्या भाषेत मॅनेजर. लढाई नुकतीच संपली होती, मी लग्न होऊन सांगलीहून आले होते, गावात ओळखीचं कुत्रं नव्हतं, आणि करमणूक म्हणावी तर ती फट. मी तिचा पोटभर उपयोग केला. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आताही वाटत नाही.

तर त्या दिवशी खाली एक हिरवं इरकल येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "सायेब, माजी शेळी झाली का गाभण?"

ह्यांची भंबेरी उडाली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पुढे उलगडा झाला तो असा. बनुबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायच्या आणि लोकांच्या शेळ्या अर्धलीनं पाळायच्या. अर्धल म्हणजे, शेळी तुमची, राखायची मी. तिला पिल्लं झाली की निम्मी तुमची, निम्मी माझी. चारापाणी, राखण, दुखणंखुपणं सगळं राखणाऱ्याकडे. आपल्या वाट्याची करडं विकून बनुबाईंनी चार पैसे गाठीला बांधले होते, ते आमच्या बँकेत ठेवले, आणि व्याज म्हणजे करडू हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. हिशोब सरळ होता. पैसे त्यांचे, राखायचे बँकेनं, करडातलं थोडं त्यांना, बाकीचं बँकेला. दर बाजाराला त्या यायच्या, शेळी बरी आहे का विचारायच्या आणि जायच्या. हे आधी चिडायचे. नंतर नंतर "बरी आहे, रवंथ करतेय" असं सांगू लागले.

पाणी प्यायला म्हणून त्या एकदा वर आल्या आणि मग दर बाजाराला वर येऊ लागल्या. माझं त्यांच्याशी इतकं जमलं की बाजाराचा दिवस मला सणासारखा वाटायचा. एकदा दार लावून घेऊन, इकडेतिकडे बघून त्यांनी मला पैसे कशासाठी साठवतात ते सांगितलं. मला वाटलं, पाटल्या असतील, फार तर म्हैस.

"फोनो," त्या म्हणाल्या.

म्हसवडच्या जत्रेत त्यांनी तो ऐकला होता. कर्ण्यातून बाई गात होती आणि बाई कुठंच नव्हती. त्या दिवसापासून बनुबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. "शेळ्यांमागं दिसभर हिंडायचं, आन् सांजंला घरी येऊन चुलीम्होरं बसायचं, आन् बाई गानार. माज्यासाटी गानार, बाईसायेब!" हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकले की मी तिथल्या तिथे त्यांच्या बाजूची झाले.

"मग घरात का नाही साठवत?"

"घरात? घरात पैसं ठिवलं की त्येचा बैल हुतो."

त्यांचे मालक केरबा पलटणीतून पेन्शन घेऊन आले होते आणि त्यांना शर्यतीच्या बैलाचं वेड होतं. डब्यातले, फडताळातले, तांदळाखालचे, कुठलेही पैसे सापडले की केरबा बैल बघायला निघत. एक बैल आणलाही होता. तो सुटला की सगळ्यांच्या आधी धावायचा, पण उलट्या दिशेला. म्हणून बनुबाईंचे पैसे बँकेत, आणि केरबांना त्याचा पत्ता नाही.

असं सगळं छान चाललं असताना सांगलीच्या हेड ऑफिसचं फर्मान आलं. पन्नास रुपयांच्या आतल्या खात्यांना सहामाही आठ आणे खर्च लावावा.

बनुबाईंना हे कळलं तेव्हा मी फटीला डोळा लावून बसलेच होते.

"आठ आनं कशाचं?"

"सांभाळायचे," हे म्हणाले.

"म्हंजे शेळी माजी, करडं तुमी घेनार, आन् वैरन बी मीच घालायची? आवं, असली अर्धल कुनी केलीया का? मी दुसऱ्याची शेळी राखती, कवा म्हनलं का मालकाला, पाल्याचं पैसं दे?"

ह्यांनी समजावलं. दिवाबत्ती, कागद, शिपाई, तिजोरी, ह्याला पैसे लागतात. मोठ्या खात्यांतून ते सुटतात, छोट्यांतून सुटत नाहीत.

"मग छोट्या शेळीला पाला बी कमीच लागतोय की!"

ह्यांनी काखा वर केल्या. हुकूम सांगलीचा.

रात्री जेवताना मी विषय काढला. "मी तुमचं घर राखते, आठ आणे मागते का?"

"सगळा पगार घेतेस."

"ती अर्धल!" मी म्हटलं आणि आमटीची वाटी जरा जोरातच आदळली. हे तोंड पाडून म्हणाले, "विनोदिनी, फुकट राखणारा राखण्यात कुचराई करतो. पैसे घेतले की जबाबदारी येते." मला ते पटलं नाही. थोडंसं पटलं, पण तसं मी कळू दिलं नाही.

पुढच्या बाजाराला बनुबाई आल्या आणि म्हणाल्या, "सोडा माजी शेळी."

ह्यांनी वही उघडली. त्यांनी अंगठा घेतला, पैसे दिले. बनुबाईंनी ते ओच्यात बांधले आणि पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. आता जायचं कुठं? घरी गेलं की बैल. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि पाणी भरलेले त्यांचे डोळे मला खिडकीतून दिसले.

तेवढ्यात मिरच्या विकणाऱ्या हरणाबाईंनी विचारलं, "का गं, काडलंस व्हय समदं?"

"काडलं. न्हाई परवडत हितं."

झालं! हरणाबाईंनी मिरच्यांवर गोणपाट टाकलं आणि आपले पैसे काढायला धावल्या. त्यांच्यामागे भांडीवाला, भांडीवाल्यामागे गूळवाला. बाजाराच्या एका टोकाला "बनुबाईनं पैसं काडलं" असं निघालेलं दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत "ब्यांक बुडाली" झालं. बघता बघता दारात ही गर्दी! कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या डोक्यावर पाटी, एक म्हातारा तर अर्धी हजामत झालेला, गालाला साबण तसाच. ज्यांचं खातं नव्हतं तेही आपले पैसे मागत होते. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांना पुरेल इतकी रोकड कुठल्या शाखेच्या तिजोरीत असते? मी फट सोडली आणि धावत खाली आले.

आणि मग गर्दीतून खाकी कोट घातलेला एक उंच माणूस कोपरं मारत आत घुसला. "हटो! माजं पैसं! माज्या बैलाचं पैसं!"

बनुबाईंनी वळून बघितलं.

"तुमी?"

"तू?" केरबा म्हणाले. मग त्यांची नजर ओच्याकडे गेली. "त्यात काय हाय?"

"तुमचं हितं काय हाय?"

दोघंही एकमेकांपासून लपवून एकाच बँकेत पैसे ठेवत होते. ते कळलं तसा गर्दीत असा हशा उठला की साबणवाला म्हातारा खालीच बसला. मला हसून हसून ठसका लागला. फक्त हे हसले नाहीत.

बनुबाईंनी ह्यांच्याकडे रोखून बघितलं. "सायेब, तुमास्नी ठावं हुतं?"

"होतं."

"आन् सांगितलं न्हाई?"

"कुणाचं कुणाला सांगायचं नसतं, बाई. आमच्या घरातही नाही सांगितलं." हे खरं होतं. वर्षभर मला बनुबाईंचं सगळं ठाऊक, पण फटीतून दिसणारा हा खाकी कोट त्यांच्याच नवऱ्याचा, ह्याबद्दल अवाक्षर नाही! मला आधी राग आला आणि मग ह्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

हे लगबगीनं म्हणाले, "असं करा. दोघांचं मिळून एक खातं केरबांच्या नावावर करा. पन्नासाच्या वर जाईल, आठ आणे लागणार नाहीत. फुकट!"

केरबा खूश झाले. एकदम दुप्पट! त्यांना तिथेच बैल दिसू लागला.

बनुबाईंनी मात्र ओचा घट्ट धरला. मग त्या टेबलापाशी गेल्या, गाठ सोडली, सगळे पैसे ठेवले आणि वर आठ आणे वेगळे काढून ठेवले.

"माजं माज्या नावावर ऱ्हाऊ द्या. फुकाट नगं. गुपित राखलंत, त्येचं हे आठ आनं."

हरणाबाई बाजूच्याला म्हणाल्या, "आरं, बुडनाऱ्या ब्यांकंला वरनं आठ आनं कोन दील?" हे सगळ्यांना पटलं. घटकाभरात दार मोकळं झालं. मिरच्या, गूळ आणि अर्धी हजामत आपापल्या जागी गेली.

दिवाळीला साताऱ्याहून मोटारीच्या टपावरून एक जुना, वापरलेला फोनो आला. बनुबाईंनी तो आधी बँकेत वाजवला. बाई गायली, शिपाई नाचला, आणि केरबा कर्ण्यात डोकं घालून बाई शोधत राहिले.

त्यानंतर सहामाही आली. खात्यात जेमतेम दोन रुपये उरले होते. हे म्हणाले, "बनुबाई, कशाला आठ आणे घालवता? खातं बंद करून टाकू."

"शेळी इकली म्हनून खुटा कोन उपाटतं व्हय?" असं म्हणून त्यांनी आठ आणे टेबलावर ठेवले.

ह्यांनी पावती फाडली.

मी वरून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जिना उतरले, ह्यांच्या टेबलापुढे जाऊन रांगेत उभी राहिले आणि माझ्या नावाचं खातं उघडलं. त्याचे आठ आणे ह्यांच्याच खिशातले होते.