इंदूरचा हात

"थांबा. हात येऊन राहिला."

एवढं म्हणून काकाजी उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि मान टेलिप्रिंटरकडे कलती करायचे. समोर कारखान्याचे मॅनेजर उभे असोत की चहावाला, बोट खाली येईपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा त्या खोलीचा नियमच होता.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात ते टेलिप्रिंटर चालवायचे. सगळा कारखाना त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. मी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका संगणक विकणाऱ्या दुकानातला माणूस. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि त्या कारखान्यात संगणक बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. टेलिप्रिंटर काय असतो हे आता सांगावं लागतं. इकडे दाबलेलं अक्षर तारेतून जाऊन दुसऱ्या गावच्या कागदावर त्याच क्षणी खट्‌कन उमटायचं, आणि तिकडचं इकडे.

"हात कसला येतो काकाजी? अक्षरं येतात," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"अक्षरं तं साऱ्यायचीच सारखी असतात गा. त्यायच्या मधातली जागा ज्याची त्याची असते."

काकाजी उमरेडच्या विणकराच्या घरातले. त्यांच्या लहानपणी गल्लीत डोळे मिटून चाललं तरी कोणाच्या घरी कोण माग चालवतंय ते धोट्याच्या आवाजावरून कळायचं म्हणे. तोच कान त्यांनी मशीनला लावला होता. मुंबईचा हात घाईचा, जबलपूरचा झोपाळू, असं ते ठणकावून सांगत. जबलपूरचा माणूस जाडजूड आणि म्हातारा असणार हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुढे तो खरंच नागपूरला आला, तर निघाला काडीसारखा पोरगा. काकाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग हात म्हातारा असंल तुमचा," म्हणाले, आणि त्याला चहा पाजला.

पण इंदूरच्या हाताबद्दल ते असं काही बोलत नसत. कंपनीचं मुख्य ऑफिस इंदूरला होतं आणि तिथल्या मशीनवर एक मराठी बाई बसायच्या. दुपारी कामाचे निरोप संपले की काकाजी रोमन अक्षरांत टाइप करायचे, "जेवलात का?" तिकडून उत्तर यायचं, "जेवले. आज भुट्ट्याचा कीस. तुमच्याकडे?" काकाजी स्वतःच्या हाताने डबा करायचे. लग्न राहूनच गेलेला माणूस. डाळीचे गोळे घालून गोळाभात कसा करायचा ते एकदा त्यांनी तुकड्यातुकड्यांनी इंदूरला कळवलं होतं. कित्येक वर्षं हे असं चाललं होतं. भेट एकदाही नाही. निरोपाखाली सहीची दोनच अक्षरं असत, त्यामुळे पूर्ण नावही माहीत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

मग इंदूरच्या ऑफिसात संगणक आला. आता तिथला प्रत्येक निरोप आधी साहेबांच्या नजरेखालून जायचा आणि संध्याकाळी सगळे निरोप एकदम सुटायचे, एका चालीत, कुठे थांबणं नाही की अडखळणं नाही. "हे तं शिलाई मशीन होय," काकाजी म्हणाले. दुपारी ते विचारत राहिले, "जेवलात का?" कागदावर त्यांचीच तेवढी ओळ असायची. खाली काही उमटायचं नाही.

"फोन करून विचारा ना," मी म्हटलं.

"काय विचारू? ज्या बाईचा हात असा असा हाये तिले बोलवा, म्हनू?"

त्या बाई अजून तिथे आहेत की नाहीत, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि अशा वेळी, कारखान्यातल्या बाकीच्या खोल्या संपवून, मी त्यांच्या खोलीत संगणक घेऊन आलो.

माझं काम असं होतं: संगणकात टेलिप्रिंटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम होता. काकाजींच्या खऱ्या मशीनची वायर, मध्ये एक डबी घालून, त्या सोंगाला जोडायची. म्हणजे इथलेही निरोप साठून राहणार आणि संध्याकाळी एकदम जाणार. मी हे समजावलं तेव्हा काकाजी म्हणाले, "म्हंजे जित्या मानसानं फोटोसंग बोलाचं." मी हसलो. तेही हसले, पण थोडे उशिरा.

जोड नीट झाला की नाही ते पाहण्याची आमची एक पद्धत होती. बाहेरची लाइन न जोडता मागच्या बाजूला वायरचा एक तुकडा असा लावायचा, की आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत येईल. जसंच्या तसं परत आलं, म्हणजे जोड पक्का. त्या दिवशी मी तो तुकडा लावला आणि हात धुवायला बाहेर गेलो. दुपारची वेळ होती. काकाजी सवयीने मशीनवर बसले.

परत आलो तर त्यांचं बोट वर. चेहरा असा, की मी दारातच थांबलो.

"हाये! बाई हाये गा!"

मी कागदाकडे पाहिलं. "जेवलात का?" खाली पुन्हा, "जेवलात का?" मग काकाजींचं, "हो. आज गोळाभात केला." आणि त्याच्याखाली, "हो. आज गोळाभात केला."

"इंदूरले गोळाभात केला पाहा! मीच सांगतला होता तिले. हात वळखू नाई येत, पन आता मशीन हाये ना मधात. शब्द तं तिचेच." हयातभर कानावर विश्वास ठेवलेला हा माणूस त्या घडीला कान बाजूला ठेवून बसला होता. मी वायरबद्दल सांगायला पुढे झालो, पण त्यांची बोटं पुन्हा कळांवर गेली होती.

त्यांनी पुढे टाइप केलं, "तब्येत बरी ना? इतके दिवस कुठे होतात?"

कागद सरकला. "तब्येत बरी ना? इतके दिवस कुठे होतात?"

"मी कुठी जानार?" काकाजी पुटपुटले, आणि त्यांचं बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी वाकून डबीच्या मागे पाहिलं. "ह्याच्यातून माह्यंच वापस येऊन राहिलं का भाऊ?"

"हो, काकाजी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. कागद फाडून त्यांनी नीट घडी केली, खिशात ठेवली. "गोळाभात म्हनला तवाच समजाले पायजे होतं," एवढंच म्हणाले.

निवृत्तीच्या वेळी मॅनेजरांनी त्यांना काय हवं ते विचारलं. काकाजींनी घड्याळ नको, शाल नको असं सांगितलं. "एक दिवस मले सरळ तार जोडून द्या." मी सीताबर्डीवरून मुद्दाम गेलो आणि संगणक आणि डबी बाजूला करून मशीन थेट लाइनला जोडलं. टेलिप्रिंटरला एक कळ असते, ती दाबली की पलीकडचं मशीन आपणहून आपलं नाव-गाव सांगतं, तिथे कोणी बसलेलं असो वा नसो. काकाजींनी ती दाबली. इंदूरचं नाव उमटलं.

"जागा तं तेच हाये," ते म्हणाले. मग त्यांनी एकेक अक्षर दाबत विचारलं, "जेवलात का?" आणि बोट वर केलं.

मी समोर बसून होतो. शिफ्ट सुटायचा भोंगा झाला, माणसं कंपनीच्या बसकडे निघाली. कागद हलला नाही. काकाजींनी मशीनवर कापडी खोळ घातली, तिचे कोपरे सारखे केले. "चला, बस चुकंल," म्हणाले.

त्यानंतर दोनेक वर्षांत ते गेले. मला ते उशिरा कळलं.

पुढे त्याच कंपनीच्या कामासाठी मी इंदूरला गेलो. हिशेबाच्या विभागात संगणक बसवत होतो. मी नागपूरचा आहे हे ऐकून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हातातलं काम थांबवलं. केस बरेच पिकलेले, चष्मा.

"हिंगण्याला टेलिप्रिंटरवर एक होते," त्या म्हणाल्या. "कसे आहेत हो? आमच्याकडे संगणक आला आणि मला उत्तर द्यायची सोयच राहिली नाही. त्यांचं मात्र रोज दुपारी येत होतं. मी ऐकत बसायचे. मग एक दिवस नागपूरचंही सगळं एका चालीत यायला लागलं. मला वाटलं, गेले ते. मग त्या मशीनपाशी बसवेना, म्हणून मीच इकडे बदली मागून घेतली."

मी त्यांना सगळं सांगितलं. काकाजी तेव्हा तिथेच होते, फक्त मध्ये मशीन आलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी सरळ तारेवर विचारलं होतं. आणि आता ते नाहीत, हेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांनी सांगितलेला गोळाभात मी अजून करते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटं टेबलाच्या काचेवर टेकवली. "असं विचारायचे," म्हणाल्या, आणि वाजवू लागल्या. तीन ठोके घाईचे, मग एक अडखळून, मग जरा जागा सोडून पुढचे.

तेवढ्यात चहावाला काहीतरी विचारत आत आला. मी बोट वर करून त्याला थांबवलं.