काळी नळी आणि पाठ केलेला जबाब

सायकलच्या हँडलची काळी रबरी मूठ कुठे दिसली, की ते प्रकरण जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. सिंगापूरच्या पोलीस खात्यात मी उभी हयात काढली. चोऱ्या पाहिल्या, फसवणुकी पाहिल्या, दोनचार खूनही पाहिले. पण मराठी माणसांनी माझ्यापुढे बसून शुद्ध मराठीत बनाव रचल्याचं प्रकरण हे एवढं एकच. त्यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही.

माझे वडील रत्नागिरीहून बोटीवर आले आणि इथल्या बंदरात नोकरीला लागले. माझा जन्म इथलाच. आईनं घरात मराठीशिवाय दुसरा शब्द चालू दिला नाही, त्यामुळे खात्यात कुणी मराठी माणूस अडकला की फाइल आपोआप माझ्या टेबलावर यायची.

ऑनलाइन खरेदी तेव्हा नुकती घरोघरी शिरली होती. विमानतळावरच्या पार्सल तपासणीत एक खोकं अडकलं आणि तिथून आम्हाला खबर आली. एक्स-रेमध्ये वीतभर लांबीची धातूची नळी दिसत होती, आत एकामागे एक पडदे. उघडून पाहिलं तर बंदुकीचा सायलेन्सर. तोही शोभेचा नव्हे. प्रयोगशाळेनं स्पष्ट सांगितलं की हा खऱ्या पिस्तुलावर बसेल आणि काम करेल.

इथे थोडा कायदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. काही देशांत शिकारी माणूस सायलेन्सर दुकानातून विकत घेतो. काही ठिकाणी त्यासाठी अर्ज, नोंदणी, कर अशी लांबलचक वाट असते. सिंगापुरात तो प्रश्नच नाही. बंदूक राहू द्या, बंदुकीचा सुटा भागही परवान्याशिवाय बाळगणं किंवा बाहेरून मागवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि सामान्य माणसाला असला परवाना मिळत नाही. वेबसाइटवर उघड विकतात म्हणजे कायदेशीरच असणार, असं मानणारी शिकलेली माणसं मी ढिगानं पाहिली. वेबसाइटला तुमच्या देशाशी काही देणंघेणं नसतं.

पार्सलवर मरीन परेड भागातल्या एका फ्लॅटचा पत्ता होता. तिथे पुण्याचा एक आयटी मॅनेजर, त्याची बायको आणि बायकोचे वडील राहत. हे सासरे ठाण्याचे, बँकेतून निवृत्त, लेकीकडे काही महिन्यांसाठी आलेले. त्यांना सगळे काका म्हणत, मीही तेच म्हणतो. काका दिवसभर घरी असत, म्हणून ओळखीतल्या मराठी मंडळींची पार्सलं त्याच पत्त्यावर येत. शिवाय काका स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हौशी मंडळी जमवून एक रहस्यनाटक बसवायला घेतलं होतं, स्वतः लिहिलेलं. त्यात काकांचीही एक भूमिका होती आणि जावई खुनी होता. नाटकाच्या सामानाची खरेदी एकाच खात्यावरून व्हायची आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता. त्यामुळे ती नळी नेमकी कुणी मागवली, हे कागदावरून कळत नव्हतं.

दोन्ही घरांची झडती झाली. दुसरं घर म्हणजे क्लेमेंटीतली एक भाड्याची खोली. तिथे नागपूरची एक तरुण संशोधक राहायची, नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान, तिच्याकडे असायचं. हत्यार, काडतूस काहीच मिळालं नाही. काका, जावई आणि ती मुलगी अशा तिघांना दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर बोलावलं.

पहिले काका आत आले. ताठ बसले, नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, ती वस्तू मी मागवली. दुपारची जेवणं झाली होती. घरात कुणी नव्हतं. मी लॅपटॉप उघडला आणि मनात आलं, नाटकात खरेपणा हवा." इथे ते थांबले. समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "बाकी कुणाला यातलं काही ठाऊक नाही."

मग जावई. "ती वस्तू काकांनी मागवली. दुपारची जेवणं झाली होती. घरात कुणी नव्हतं. त्यांच्या मनात आलं, नाटकात खरेपणा हवा." तोही तिथेच थांबला, पाणी प्यायला. "बाकी कुणाला यातलं काही ठाऊक नाही."

माझा चिनी सहकारी काचेपलीकडून पाहत होता. मराठीचा शब्द कळत नव्हता, पण डोळे तयार होते. बाहेर आलो तसा, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाला, "सर, दोघं सेम टू सेम. पाणीपण सेम टाइमला. कोणीतरी शिकवलंय, लाह. ही टोळी आहे."

त्याची शंका रास्त होती. घरात कुणी नव्हतं, तर जावयाला जेवणाची वेळ कशी माहीत? पढवलेले जबाब म्हणजे मागे कुणी पढवणारा आला, आणि सायलेन्सरच्या प्रकरणात पढवणारा निघाला की फाइलचा रंगच बदलतो. मी सहकाऱ्याला एवढंच सांगितलं, "आता जी येईल तिच्यासमोर ग्लास ठेवू नकोस."

ती मुलगी आत आली. चेहरा उतरलेला. तिनंही सुरुवात केली. काकांनी मागवली, दुपारची जेवणं, घरात कुणी नव्हतं. नाटकात खरेपणा हवा, असं म्हणून ती थांबली आणि तिचा उजवा हात टेबलावर पुढे गेला. तिथे ग्लास नव्हता. हात तसाच अधांतरी राहिला आणि पुढचं वाक्य तिला काही केल्या आठवेना.

मी विचारलं, "तालमी किती झाल्या?"

"नाटकाच्या?"

"नाही, या जबाबाच्या."

ती रडली नाही. हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काल संध्याकाळी बसलो होतो सर. काका म्हणाले, पोलिसांपुढे माणूस घाबरतो, गोंधळतो, म्हणून पाठ करून जाऊ. कुठे थांबायचं तेही त्यांनीच बसवलं. पाणी प्यायलं की नैसर्गिक वाटतं म्हणे."

मला हसू येत होतं आणि संतापही. गुन्हेगारही जबाब ठरवून येतात, पण त्यातल्या पॉझची तालीम करून आलेले हेच पहिले.

मग तिनं खरं सांगितलं. तुटक, मागेपुढे होत, मधेच इंग्रजीत जाऊन. नळी तिनंच मागवली होती. "साइटवर लिहिलं होतं, डेकोरेशनसाठी... नाही, आधी मी दुसरी बघितली होती, प्लॅस्टिकची, ती काकांना आवडली नसती... मला वाटलं खेळण्याचीच आहे, सर. नाटकाचं पिस्तूल लाकडी आहे. टेपनं चिकटवणार होतो." तिचा पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, दोन महिन्यांत नव्यानं व्हायचा होता. घरातून परदेशी आलेली ती पहिलीच. वडील नागपुरात गिरणीत होते, आई अजून शिवणकाम करते. गुन्हा लागला असता तर तुरुंग, आणि त्यातून सुटली तरी परतीचं विमान. संशोधन तिथेच संपलं असतं. म्हणून काकांनी सगळं आपल्या अंगावर घ्यायचं ठरवलं होतं.

मी लाकडी पिस्तूल मागवून घेतलं. काळ्या बूटपॉलिशनं रंगवलेला ठोकळा, नळीला भोकसुद्धा नाही. त्यावर सायलेन्सर बसवणं म्हणजे लाटण्याला झाकण लावण्यातला प्रकार.

काकांना पुन्हा आत घेतलं. ते आपल्या भूमिकेला चिकटून.

"काका, तुम्ही मागवलेली वस्तू केवढी होती? हातानं दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पसरले. चांगली दीड फूट. सिनेमातली लांबी असावी.

मी खरी नळी टेबलावर ठेवली. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही आपले मराठी माणूस. मी आज ना उद्या ठाण्याला जाणारच. माझं काय वाकडं होणार आहे? त्या पोरीचं आयुष्य आहे पुढे."

"मी मराठी आहे, पण इथला पोलीस आहे," मी म्हणालो. आवाज चढला होता, मी तो उतरवला नाही. "तुम्ही तिला वाचवत नव्हता काका, बुडवत होता. नाटकासाठी चुकून मागवली, हे खरं होतं आणि तेच तिच्या कामी येणार होतं. तुम्ही त्या चुकीचा कट करून टाकला. एक सायलेन्सर, तीन पढवलेले जबाब. न्यायाधीश काय समजेल?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "हे माझ्या लक्षात नाही आलं हो." त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी खरोखर माया वाटली. चूक केली होती, पण स्वतःसाठी केली नव्हती.

पुढचा निर्णय माझ्या हातात नव्हता. मी जबाब नव्यानं नोंदवले, पिस्तूल, झडती, प्रयोगशाळेचा अहवाल सगळं जोडलं आणि हेतू काय होता ते स्पष्ट लिहून फाइल वर पाठवली. त्या काळात मुलगी रोज विद्यापीठात जायची, पण जेवण जात नव्हतं असं जावयानं सांगितलं. अखेर निर्णय आला. तिला लेखी कडक ताकीद, काकांना आणि जावयाला खोट्या जबाबाबद्दल वेगळी. नळी जप्त. तिचा पास नव्यानं झाला.

नाटकाला मला बोलावणं होतं, गेलो. खुनाच्या प्रसंगात जावयानं पिस्तूल उगारलं आणि त्यावर सायलेन्सर दिसला. मी खुर्चीतून अर्धा उठलोच. मग ओळखलं, लिटिल इंडियातल्या दुकानातून आणलेली सायकलची मूठ. प्रेक्षकांत एकालाही शंका आली नाही. शेजारच्या खोलीत कुणाला आवाज गेला नाही, असं नाटकात होतं. तेही खोटंच, सायलेन्सरनं आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. पण ते मी कुणाला सांगायला गेलो नाही.

नोकरीत शेकडो जबाब घेतले. सुसूत्र जबाब ऐकला की तरुण अधिकारी खूश होतात. मी या प्रकरणानंतर अशा जबाबापाशी जरा जास्त थांबू लागलो. खरं सांगणारा माणूस मागे जातो, चुकतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हेच शिकवलं.

त्या रात्री नाटकाचा पडदा पडल्यावर काका रंग न पुसताच माझ्याकडे आले. ती मुलगी मागे लाकडी पिस्तूल कापडात गुंडाळत होती.

"साहेब, खरं सांगा," काका म्हणाले, "त्या दिवशी स्टेशनवर माझं काम कसं झालं होतं?"

"पाठांतर चोख होतं," मी म्हणालो आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "पण विश्वास तिच्यावर बसला. ती वाक्य विसरली म्हणून."